कुंभकोणमचा गणिती आणि युद्धकाळातले मन

युद्ध आणि मानसिक आजार म्हटले की खंदकातला सैनिक किंवा शत्रूच्या मुलखातला हेर डोळ्यांसमोर येतो. पहिल्या महायुद्धाने मात्र कधी बंदूक न धरलेल्या एका माणसालाही मरणाच्या दारापर्यंत नेले. तो माणूस म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या इंग्लंडमधल्या पाच वर्षांवर एक प्रायोगिक लघुपट व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरून

रामानुजन यांचा जन्म 1887 सालचा, इरोडचा. ते वाढले मात्र कुंभकोणममध्ये, सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरच्या छोट्या घरात. ओसरीवर बसून पाटीवर गणिते सोडवणारा हा तरुण 17 मार्च 1914 रोजी मद्रासहून बोटीने इंग्लंडला, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे निघाला. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले.

केंब्रिज रिकामे होते तेव्हा

ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लिटलवुडसारखे गणिती तोफखान्याच्या कामाला गेले. कट्टर शाकाहारी रामानुजन खोलीत स्वतःच रांधत, आणि युद्धाच्या टंचाईत भाजीपाला मिळणे कठीण होत गेले. समुद्रात पाणबुड्यांचे भय असल्याने परतीचा प्रवास लांबला. 1917 मध्ये त्यांनी अंथरूण धरले आणि थंडगार सॅनेटोरियमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

न पोचलेली पत्रे

पत्नी जानकी यांची पत्रे सासूबाई कोमलताम्माळ त्यांच्यापर्यंत पोचू देत नसत. आपल्याला कोणी लिहीत नाही, या समजुतीत ते झुरत राहिले आणि पुढे त्यांनीही घरी लिहिणे जवळजवळ थांबवले. सरकार टपाल तपासत होते त्या काळात या घराची टपालबंदी घरातच होती.

पोलीस चौकीतले खोटे

1918 च्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेत रामानुजन यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. रेल्वेच्या माणसाने प्रसंगावधान राखून गाडी थांबवली, म्हणून ते वाचले. इंग्लंडमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणिती प्रा. हार्डी धावत आले आणि हे रॉयल सोसायटीचे फेलो आहेत, असे त्यांनी पोलिसांना सांगितले. ते खरे नव्हते; तो मान 2 मे 1918 रोजी मिळाला. त्या खोट्याने मात्र एक माणूस कोठडीपासून वाचला.

शब्द होता, सैनिकांसाठी

युद्धाने खचलेल्या मनासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द 1915 मध्ये ‘लॅन्सेट’मधून वैद्यकात आणला तो केंब्रिजच्याच चार्ल्स मायर्स यांनी. रामानुजन यांच्याबाबत डॉक्टर क्षय शोधत राहिले. एकटेपण, भूक आणि तुटलेले घर यांची नोंद कोणत्या तक्त्यावर होणार?

कॅमेऱ्याने काय पाहावे

2014 चा ‘रामानुजन’ आणि 2015 चा ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ हे दोन्ही चरित्रपट आहेत. त्यांना सारे आयुष्य सांगायचे असते. लघुपटाला एवढेच पुरे: अडवलेले पत्र, चौकीतले खोटे, परक्या शहरात ओळख हरवत चाललेला माणूस. हेरकथेची ही सामग्री इथे खरीखुरी आहे. फरक एवढाच, की इथे पाळत ठेवणारा शत्रू कोणी नाही आणि विचारपूस करणारेही कोणी नाही.

परतीनंतर

27 मार्च 1919 रोजी ते मुंबई बंदरात उतरले. बंदरावर आई होती, जानकी नव्हत्या. काही महिने कुंभकोणमला काढून ते मद्रासला गेले. शेवटच्या दिवसांत जानकींनी त्यांची सेवा केली. 26 एप्रिल 1920 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले.

आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. ‘टेलि मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. आणि घरापासून दूर गेलेल्या आपल्या माणसाचे पत्र येईनासे झाले, तर आपण होऊन त्याची खबर घ्यावी.