पडद्यामागचा दुभाषी

विंचूर म्हटले म्हणजे एकीकडे पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर ह्यांचे घराणे आठवते आणि दुसरीकडे कांद्याचे लिलाव. संगणकावरील खेळांचा छंद आज अशा गावांतही पोहोचला आहे. समजा, कांद्यास बरा भाव मिळालेल्या एखाद्या वर्षी घरातील मुलाने वडिलांची मनधरणी करून काही हजार रुपयांचे ग्राफिक्स कार्ड आणविले. चार दिवस खेळ उत्तम चालला. पाचव्या दिवशी पडदा क्षणभर काळा झाला, आणि ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले होते, अशी सूचना उमटली. मुलगा हिरमुसतो. पैसे पाण्यात गेले, असे वडील म्हणतात. कार्ड बिघडले असे समजून ते नाशिकला नेऊन मिळेल त्या किमतीस विकून टाकण्याचा विचार घरात सुरू होतो. परंतु अपराधी पुष्कळदा कार्ड नसतेच. अपराधी असतो तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर हे यंत्र नव्हे. ती एक आज्ञावली आहे. तिला दुभाष्याची उपमा शोभेल. खेळ एका भाषेत बोलतो. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून रूढ केलेली डायरेक्ट-थ्रीडी किंवा २०१६ मध्ये आलेली व्हल्कन ह्या त्या भाषा होत. कार्डाची भाषा निराळी, आणि ती प्रत्येक पिढीच्या कार्डागणिक बदलते. खेळ म्हणतो, 'येथे झाडाची सावली पाड'. दुभाषी त्या एका वाक्याच्या असंख्य बारीक आज्ञा करून कार्डास देतो, आणि हे काम सेकंदात साठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चालते. दोघेही पक्ष शहाणे असोत. दुभाषी चुकला की बोलणी फिसकटलीच.

मग दुभाषी चुकतो का? एक कारण असे की, त्याचे काम कधी संपतच नाही. नवा खेळ आला, नवे कार्ड आले, विंडोजमध्ये फेरफार झाला, की त्यास नव्याने शिकावे लागते. एवढ्यावर भागत नाही. एखादा खेळ अडखळू नये म्हणून कंपन्या त्या एकाच खेळासाठी ड्रायव्हरमध्ये खास तजवीज करून ठेवतात. अशा तजविजी साचत जातात, आणि एक गाठ सोडविताना दुसरी बसते. दुसरे कारण असे की, ड्रायव्हरचा महत्त्वाचा भाग संगणकाच्या अगदी गाभ्यात चालतो. साधी आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते. हा चुकला तर सारा संगणक बंद पडू शकतो. म्हणून विंडोज व्हिस्टापासून असा पहारा बसविला गेला की, कार्डाकडून सुमारे दोन सेकंद उत्तर न आल्यास ड्रायव्हर पुन्हा सुरू करावा. मुलास दिसलेला काळा पडदा हा त्या पहाऱ्याचाच परिणाम होय.

हे दुखणे एकट्या विंचूरचे नव्हे. २००७ साली व्हिस्टा बाजारात आले, तेव्हा ड्रायव्हरची सारी घडणच बदलावी लागली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, मायक्रोसॉफ्टने नोंदविलेल्या त्या काळातील बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के बिघाड एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरांशी निगडित होते. २०१० च्या मार्चमध्ये त्याच कंपनीस १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला; त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नसल्याच्या तक्रारी आल्या होत्या. उलट बाजूचेही उदाहरण आहे. इंटेलची आर्क कार्डे २०२२ मध्ये आली तेव्हा जुन्या खेळांत ती मागे पडत. पुढे कार्डास हातही न लावता, केवळ ड्रायव्हर सुधारून, तीच कार्डे पुष्कळ वेगवान झाली. कार्डाचे मोल दुभाष्यावर किती अवलंबून असते, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा नको.

तेव्हा गृहस्थाने काय करावे? कार्ड विकण्याची घाई करू नये. बिघाड नवा ड्रायव्हर घेतल्यानंतर सुरू झाला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधून आधीच्या ड्रायव्हरकडे परतावे. जुन्याचे अवशेष नव्यास बाधतात. म्हणून जुना पुरता काढून मगच नवा बसवावा. विंडोज कधी कधी आपण होऊन ड्रायव्हर बदलते, तेही तपासावे. विजेचा लपंडाव असेल तेथे बसविण्याचे काम इन्व्हर्टर वा यूपीएसच्या आधारानेच करावे, कारण अर्धवट बसलेला ड्रायव्हर न बसलेल्याहून वाईट. एका वेळी एकच बदल करावा. नाही तर गुण कशाने आला हे कळत नाही. खेळ सुरळीत चालत असता केवळ नवा निघाला म्हणून ड्रायव्हर बदलण्याची घाई नको. मात्र सुरक्षिततेसाठी काढलेली दुरुस्ती टाळू नये. दोन-तीन निरनिराळे ड्रायव्हर बसवूनही, आणि कार्ड दुसऱ्या संगणकात लावूनही तोच दोष दिसला, तरच कार्डास दोषी धरावे. दुसऱ्या संगणकात ते नीट चालले, तर आपल्या संगणकाचा वीजपुरवठा व आतील उष्णता ह्यांची चौकशी करावी.

पैसा बेताचा असतो, तेथे अशा पारखीचे मोल विशेष आहे. दुभाष्याच्या चुकीसाठी निरपराध कार्डास शिक्षा होऊ नये, आणि हंगामाच्या कष्टाची कमाई एका काळ्या पडद्यास भिऊन मातीमोल होऊ नये, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.