'इलुसिओन': भ्रम की उत्सुकता?

स्पॅनिश शिकताना अनेकांची एक ठरलेली चूक होते. 'आय ॲम एक्सायटेड'चं सरळ भाषांतर करून माणूस 'एस्तोय एक्सितादो' म्हणतो आणि समोरचे हसू दाबतात. कारण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ कामोत्तेजित असा घेतला जातो, बरं का!

मग उत्सुकता सांगायची कशी? लॅटिन अमेरिकेत 'एस्तोय एमोसिओनादो', बाई बोलत असेल तर 'एमोसिओनादा'. भेटीची ओढ असेल तर 'तेंगो गानास दे बेर्ते', तुला भेटावंसं वाटतंय. धीरच धरवत नसेल तर 'नो बेओ ला ओरा दे बेर्ते'. शब्दशः, तुला भेटण्याची ती घटका मला दिसतच नाही! आपण वाट पाहतो, ते घटका पाहतात.

पण स्पेनचा खास प्रयोग म्हणजे 'मे आथे इलुसिओन बेर्ते'. तुला भेटायचंय या कल्पनेनंच मला आनंद होतोय. आपल्या 'मला आनंद होतो'सारखाच इथंही माणूस कर्ता नाही, तो 'मला' होऊन येतो.

आता गंमत बघा. हा शब्द लॅटिनमधून आला, तिथं त्याचा अर्थ थट्टा, फसवणूक. स्पॅनिशमध्येही दृष्टिभ्रमाला 'इलुसिओन ओप्तिका'च म्हणतात. मग एकच शब्द भ्रमालाही आणि आनंदी उत्सुकतेलाही कसा? हुलिआन मारिआस या स्पॅनिश तत्त्वज्ञानं 1984 साली या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं.

स्पेनमध्ये 5 जानेवारीच्या रात्री मुलं तीन राजांची वाट पाहत झोपतात. सकाळी भेटवस्तू मिळतात. त्या ठेवलेल्या असतात आईवडिलांनी. राजे हा भ्रम, आणि मुलांची उत्सुकता ही इलुसिओन. पुढं मुलाला खरं कळतं. पण मग तेच मूल धाकट्या भावंडासाठी गुपित राखतं, आणि त्यातही त्याला इलुसिओन असतेच!

मी वर्षानुवर्षं वर्गात दोरी आणि साप शिकवला. उजेड आला की साप जातो. इथं मात्र भ्रम गेला तरी उत्सुकता उरली. का? भ्रम 'जे आहे' त्याविषयी चुकतो. उत्सुकता 'जे यायचंय' त्याकडे तोंड करून असते. जे अजून आलेलंच नाही, त्याची ओढ खोटी कशी ठरवणार? सत्तरी ओलांडल्यावर हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही. उद्याची कसलीच ओढ नसणं म्हणजे शहाणपण, असं मला आता वाटत नाही.

तेव्हा स्पेनमध्ये कुणी जेवायला बोलावलं, तर 'मे आथे मुचा इलुसिओन' म्हणा. फार आनंद होतोय, एवढाच त्याचा अर्थ.