रोसिनान्ते, चार्ली आणि मागे राहिलेलं गाव

समजा, एके दिवशी शाळेतून घरी येता येता तुम्हाला शेजारच्या अंगणात एक अजब गाडी दिसली. पुढून पाहिलं तर हिरवा ट्रक आणि मागून पाहिलं तर चक्क एक खोली! खोलीला दार, खिडक्या, खिडक्यांना डासांच्या जाळ्या. आत डोकावलं तर पलंग, चार तोंडांची गॅसची शेगडी, फ्रिज, दिवे, कपडे टांगायचं कपाट, एवढंच काय, संडासाचीसुद्धा सोय! मग तुम्ही काय कराल? दप्तर कुठेतरी भिरकावून तिथेच उभे राहाल की नाही?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ लाँग आयलंड नावाचं लांबलचक बेट आहे. त्या बेटावरच्या सॅग हार्बर गावातला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा १९६० साली अगदी असाच उभा राहिला होता. रोज यायचा, लांबून बघायचा, आणि जायचा. शेवटी एकदा धीर करून त्याने गाडीच्या मालकाला विचारलंच, की मलाही न्याल का? स्वयंपाक करीन, भांडी घासीन, सगळी कामं करीन, तुमची काळजीही घेईन.

मालक बिचारा अडचणीत पडला. मुलाची शाळा, आईवडील... त्याला कसं नेणार? पण त्याला त्या मुलाचा राग आला नाही. कारण ह्या वयात त्याला स्वतःलाही हेच तर वाटत असे! मोठेपणी हे खूळ जाईल, असं सगळे म्हणत होते. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता, आणि खूळ काही गेलेलं नव्हतं.

ह्या गृहस्थाचं नाव जॉन स्टाइनबेक. अमेरिकेतला मोठा कादंबरीकार. पुढे १९६२ साली त्याला साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. आधीच्या हिवाळ्यात तो चांगलाच आजारी पडला होता. आता जपून राहा, धावपळ कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकून त्याने काय केलं असेल? मोटारींच्या एका कंपनीला पत्र लिहून ट्रक मागवला, त्यावर छोटंसं घर बसवून घेतलं, आणि सगळा देश एका फेरीत पाहायचं ठरवलं! डॉन क्विक्झोट ह्या स्पॅनिश कादंबरीतल्या वेड्या सरदाराच्या घोड्याचं नाव त्याने ह्या गाडीला दिलं : रोसिनान्ते.

निघायच्या तोंडावर सप्टेंबरात 'डोना' नावाचं मोठं चक्रीवादळ आलं. खाडीत त्याची होडी होती, आणि शेजारच्या दोन होड्या तिच्यात गुंतून तिला धक्क्यावर आपटत होत्या. बायको नको नको म्हणत असताना ह्या आजारी माणसाने पाण्यात उडी घेतली, होडी सोडवली, खोल पाण्यात नेऊन नांगर टाकला, आणि एका तुटक्या फांदीला धरून तरंगत तो परत किनाऱ्याला लागला. आता मला सांगा, अशा माणसाला कुणी घरी बसवू शकेल का?

२३ सप्टेंबर १९६० ला तो निघाला. बरोबर होता चार्ली. चार्ली म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेला उंच, कुरळ्या केसांचा पूडल कुत्रा. तोही तसा म्हातारा, दहा वर्षांचा.

गाडीतल्या घरात राहायचं म्हणजे बारीकसारीक युक्त्या लागतात. त्यातली एक मला फार आवडली. कपडे धुवायचं काय? स्टाइनबेकने झाकणाची एक मोठी प्लॅस्टिकची बादली घेतली आणि कपाटातल्या दांडीला रबरी दोरीने टांगली. तिच्यात गरम पाणी, साबण आणि मळके कपडे टाकायचे, झाकण लावायचं आणि गाडी सुरू! दिवसभर गाडी हिंदकळायची, आणि बादलीत कपडे घुसळले जायचे, रवीने ताक घुसळावं तसे. संध्याकाळी कपडे स्वच्छ. वीज नको, हात दुखायला नको.

दुसरी युक्ती जरा वेगळी. त्याने बंदुका आणि मासे धरायच्या काठ्या बरोबर घेतल्या होत्या. कशाला? शिकारीसाठी नव्हे. काही काम नसताना माणूस हिंडतोय म्हटलं, की लोकांना संशय येतो. शिकारीला निघालाय म्हटलं, की कुणी काही विचारत नाही!

चार्लीच्या करामतीही कमी नव्हत्या. नायगारा धबधब्यापाशी स्टाइनबेकला कॅनडातून जवळचा रस्ता घ्यायचा होता. सरहद्दीवरचा कॅनडाचा अधिकारी म्हणाला, तुम्ही खुशाल या. पण कुत्र्याला रेबीजची लस टोचल्याचा दाखला नसेल, तर परत जाताना तुमचेच लोक त्याला आत घेणार नाहीत. झालं! गाडी वळवली. तर अमेरिकेच्या नाक्यावर पुन्हा झडती आणि प्रश्नांची सरबत्ती, जणू तो परदेश फिरून आला होता! यलोस्टोनच्या जंगलात तर ह्या गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या चार्लीने रस्त्याकडेची अस्वलं पाहिली मात्र, आणि तो असा पिसाळल्यासारखा भुंकू लागला, की स्टाइनबेकला जंगल न बघताच परत फिरावं लागलं.

तुम्ही म्हणाल, मजा आहे बुवा! एवढं हौसेनं कोण फिरतं? तर मित्रांनो, अमेरिकेत आज हजारो आजी-आजोबा असे फिरतात. स्टाइनबेक काही निवृत्त झालेला नव्हता (लेखकाला कसली आलीय पेन्शन!). पण आता तिकडे नोकरी संपली, मुलं आपापल्या घरी गेली, की पुष्कळ लोक असं चाकांवरचं घर घेतात. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी तळ आहेत. तिथे गाडी उभी करायची, विजेची वायर जोडायची, पाण्याची नळी जोडायची, सांडपाणी सोडायचं, आणि झालं घर तयार. अशा तळांची एक मोठी साखळी १९६२ साली माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी सुरू झाली. थंडी पडली, की उत्तरेकडचे हे लोक दक्षिणेच्या उबेला उतरतात. म्हणून त्यांना 'स्नोबर्ड' म्हणजे बर्फातून उडून आलेले पक्षी म्हणतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे हिवाळ्यात गाड्यांचं शहरच वसतं, आणि ऊन तापलं की उठून जातं. अर्थात, सगळेच हौसेने निघतात असंही नाही. २००८ च्या मंदीत काहींची घरं गेली, आणि गाडी हेच त्यांचं घर झालं.

पण हौसेने निघालेल्या अशा माणसाच्या मनात सहसा दोन मुक्काम आधीपासून ठरलेले असतात. एक, भावंडं-मुलंबाळं जिथे राहतात तो. आणि दुसरा, आपण जिथे लहानाचे मोठे झालो ते गाव. स्टाइनबेकची गाडीही पश्चिम किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे वळली ती ह्याच ओढीने.

त्याचं गाव सलिनास. कॅलिफोर्नियात, समुद्रापासून थोडं आत, दोन डोंगररांगांमधल्या लांबट खोऱ्यात वसलेलं. २७ फेब्रुवारी १९०२ ला तो तिथे जन्मला. जवळच समुद्रकाठी मॉन्टरे. तरुणपणीची धमाल वर्षं त्याने त्या भागात काढली. तिथे माशांचे डबे भरायचे कारखाने होते. सार्डिन मासे होडीहोडीने यायचे, भोंगे वाजायचे, आणि सगळ्या रस्त्यावर असा काही वास सुटायचा, की नवख्या माणसाला मळमळावं. त्या रस्त्यावर त्याने 'कॅनरी रो' ही कादंबरी लिहिली, १९४५ मध्ये. पण दहाएक वर्षांत समुद्रातले सार्डिन जवळजवळ संपले आणि कारखाने बंद पडले. मग गंमत पाहा, १९५८ साली गावाने त्या रस्त्याचं खरं नाव बदलून पुस्तकातलं नाव दिलं! स्टाइनबेक परत आला तेव्हा वास नव्हता, मासे नव्हते. पाट्या मात्र त्याच्या पुस्तकाच्या होत्या, आणि लोक मासे धरायचे सोडून आता पर्यटक धरत होते.

आता घरच्या मंडळींना भेटायचं. किती वर्षांनी भाऊ आला! बहिणींनी जवळ घेतलं असेल, आवडीचं करून वाढलं असेल, असंच तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण झालं असं, की ते दिवस निवडणुकीचे होते. केनेडी विरुद्ध निक्सन. बहिणी एका पक्षाच्या, हा दुसऱ्या. आल्या आल्या जुंपली! इतका आरडाओरडा, की एखाद्या परक्याला वाटावं, पोलिसांनाच बोलवावं आता. चांगली जाणती, वयस्कर माणसं, आणि लहानपणी खेळण्यावरून भांडावं तशी भांडत होती. (निवडणूक केनेडींनी जिंकली, देशभरात जेमतेम लाख-सव्वा लाख मतांनी. म्हणजे घरोघरी काय चाललं असेल, त्याची कल्पना करा.) मला वाटतं, सबंध प्रवासात त्याला घरी आल्यासारखं जर कुठे वाटलं असेल, तर ते ह्या भांडणातच. बाकी ठिकाणी तो पाहुणा होता.

कारण पुढचा प्रसंग असा. तो मॉन्टरेतल्या एका जुन्या दोस्ताच्या बारमध्ये गेला. दोस्ताने मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि म्हणाला, की आता जाऊ नकोस, इथेच राहा, तुझी जागा आम्ही रिकामी ठेवली आहे. मग एकेका सोबत्याची चौकशी निघाली. अमका? तो गेला. तमका? तोही. आणि एड? एड रिकेट्स हा समुद्रातल्या जीवांचा अभ्यासक, स्टाइनबेकचा जिवलग मित्र. १९४८ साली आगगाडीने मोटारीला धडक दिल्यामुळे तो गेला होता. नावं वाढत चालली. तेव्हा स्टाइनबेकच्या मनात काय आलं असेल? हे गेलेले सगळे आपल्या आठवणीत आहेत तसेच आहेत, तरुण, हसरे. बदललो आहोत ते आपण. ह्या गल्ल्यांतून आता भुतासारखे हिंडतो आहोत ते आपण! मित्र हे ऐकायला तयार होईना. स्टाइनबेक तिथून उठला, तो तडक बाहेर पडला.

जायच्या आधी त्याने एक गोष्ट केली. खोऱ्याच्या कडेला फ्रेमाँट पीक नावाचं शिखर आहे, सुमारे साडेनऊशे मीटर उंच. चार्लीला घेऊन तो तिथे चढला. वरून एका बाजूला सगळं खोरं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला मॉन्टरेचा समुद्र. तिथे बसून त्याने कुत्र्याला एकेक जागा दाखवली. त्या तिकडे माझ्या आईने एकदा रानमांजर मारलं होतं. त्या लांबच्या काळसर घळीत ओढा आहे, ओढ्याकाठी ओकची झाडं आहेत, आणि त्यातल्या एका झाडावर माझ्या वडिलांनी तापल्या सळईने आपलं आणि एका मुलीचं नाव कोरलं होतं. अशा कितीतरी गोष्टी. चार्लीला त्यात काय कळणार! पण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. लहानपणी त्याच्या मनात यायचं, की मेल्यावर आपल्याला ह्याच शिखरावर पुरावं. आता त्याने सगळं एकदा डोळे भरून पाहिलं आणि तो उतरला.

पुढे वाळवंट, टेक्सास, न्यू ऑर्लिन्स असा मोठा पल्ला होता. न्यू ऑर्लिन्सला त्याने काय पाहिलं, एका सहा वर्षांच्या काळ्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत जाताना कशी पोलीस-सोबत लागत होती, ती हकीकत एवढी मोठी आहे, की तिला वेगळा लेखच हवा. एकूण सोळा हजार किलोमीटर झाले. म्हणजे आपल्याकडे मुंबईहून नागपूर गाठायचं, असं जवळजवळ वीस वेळा! एवढं फिरून हा पठ्ठ्या न्यू यॉर्कला, स्वतःच्या घराजवळ आला, आणि तिथे मात्र रस्ता चुकला. शेवटी पोलिसाला विचारावं लागलं.

'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे त्याचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. आता एक खरं सांगून टाकतो. पन्नास वर्षांनी एका पत्रकाराने त्याच मार्गाने जाऊन, जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की पुस्तकातलं सगळंच काही तसं घडलेलं नाही. कितीतरी रात्री स्टाइनबेक गाडीत नव्हे, हॉटेलात झोपला होता, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याची बायको एलेन बरोबर होती. पुस्तकात वाटतं तेवढा तो एकटा नव्हता. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे मोकळेपणाने सांगितलंय. म्हणजे बहिणींशी झालेलं भांडण काय किंवा मित्राचा बार काय, किती घडलं आणि किती रचलं, ते एक त्यालाच ठाऊक. गोष्टी सांगणाऱ्या माणसाचा हा जुनाच दोष. तुमचे आजोबा लहानपणच्या पुराची गोष्ट सांगतात, तेव्हा पाणी दर वर्षी वीतभर चढतं की नाही?

आणि सलिनासचं काय झालं? तिथल्या मोठमोठ्या जमीनदारांचा ह्या लेखकावर राग होता. शेतमजुरांचे हाल त्याने 'द ग्रेप्स ऑफ राथ' मध्ये १९३९ साली लिहिले होते. त्याच राज्यातल्या केर्न परगण्यात तर पुस्तकावर बंदी घातली गेली. पण २० डिसेंबर १९६८ ला स्टाइनबेक वारला, आणि दुसऱ्याच वर्षी सलिनासने आपल्या वाचनालयाला त्याचं नाव दिलं. तो जिथे जन्मला त्या घरात आता उपाहारगृह आहे. गावातले स्वयंसेवक ते चालवतात. गावाची वस्तीही दीड लाखाच्या वर गेली आहे. त्याच्या अस्थी शिखरावर नाही, गावाच्या कबरस्तानात घरच्या माणसांजवळ आहेत. आणि मेन स्ट्रीटच्या टोकाला त्याच्या नावाचं एक संग्रहालय १९९८ साली उघडलं आहे. आत गेलात, की हिरवी रोसिनान्ते उभी असलेली दिसते, दाराखिडक्यांसकट. मुलं तिच्यापाशी थांबतात आणि टाचा उंचावून आत डोकावतात.