पिंपांतील वर्षें आणि पेल्यांतील चव

वैशाखांत बिलोलीस पारा 42 अंशांच्या पुढें जातो, तेव्हां रात्रीं काठोकाठ भरलेला मातीचा माठ दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं, कोणी पेलाभर पाणी न घेतांहि, उतरलेला दिसतो. माठ पाझरतो, वारा तें पाणी नेतो आणि राहिलेलें थंड होतें. हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. लांकडी पिंपांत वर्षानुवर्षें ठेवलेल्या मद्याचेंहि कांहींसें असेंच होतें. तेथें मात्र पाण्याबरोबर मद्यार्कहि उडून जातो, आणि जें मागें राहतें तें लांकडाचा रंग, वास व चव घेऊन राहतें. स्कॉटलंडच्या थंड कोठारांत ही क्रिया फार सावकाश चालते. दख्खनच्या पठारावर व गोव्याच्या किनाऱ्यावर ती झपाट्यानें होते. सिंगल माल्ट व्हिस्की चाखून तिची तुलना करूं पाहणाऱ्या रसिकानें एवढी गोष्ट पक्की ध्यानांत ठेवली, म्हणजे बाटलीवर छापलेल्या वर्षांच्या आंकड्यानें तो सहसा फसत नाहीं.

सिंगल माल्ट म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेणें बरें. माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेले सातू. नाचणीचें सत्त्व करतांना घरांतील वडीलधाऱ्या बायका नाचणी भिजवून, फडक्यांत बांधून तिला मोड आणतात व मग वाळवून दळतात. त्या पिठाला किंचित् गोडी येते. धान्याला कोंब फुटूं लागला, कीं त्यांतील पिष्टाची साखर होण्याची तयारी सुरू होते, त्याचा हा परिणाम. सातूचेंहि तसेंच. ते भरडून गरम पाण्यांत कालवितात, त्या गोड पाण्यांत यीस्ट घालून तें आंबवितात, आणि तांब्याच्या भपक्यांतून बहुधा दोनदां त्याचें ऊर्ध्वपातन करतात. निघणारा अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. स्कॉटलंडला लागू असलेल्या 2009 सालच्या नियमांप्रमाणें तो ओकच्या पिंपांत निदान 3 वर्षें ठेवावा लागतो. पिंप 700 लिटरांहून मोठें चालत नाहीं, आणि बाटलींत मद्यार्काचें प्रमाण 40 टक्क्यांच्या खालीं जाऊं देतां येत नाहीं. धान्य केवळ मोड आणलेले सातू आणि सारा माल एकाच भट्टीचा, अशी जी व्हिस्की ती सिंगल माल्ट. अनेक भट्ट्यांचें माल्ट व इतर धान्यांची व्हिस्की एकत्र करून केलेली ती ब्लेंडेड. जगांत खपणारी बरीचशी स्कॉच या दुसऱ्या जातीची असते.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून जें विकलें जातें, त्यांतील मोठा भाग मात्र निराळाच आहे. साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्या मराठवाड्यांतील माणसाला मळीचा वास सांगावा लागत नाहीं. त्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कांत थोडें माल्ट मिसळून रंग दिला, कीं स्वस्त देशी व्हिस्की तयार होते. युरोपांत तिला व्हिस्की हें नांव लावतां येत नाहीं, कारण तेथील कायद्यानें व्हिस्की धान्याचीच हवी. उसाचें मद्य हें कमी प्रतीचें असतें असें मुळींच नाहीं. रम उसाचीच होते व उत्तम होते. पण नांव धान्याचें आणि माल मळीचा, या व्यवहारामुळें भारतांत कोणी अस्सल माल्ट केली, तरी परदेशांतील जाणकार तिच्याकडे प्रथम संशयानें पाहणार हें ठरलेलेंच होतें.

हा संशय फेडण्याचें काम बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीज या कंपनीनें हातीं घेतलें. 1948 सालीं राधाकृष्ण जगदाळे यांनीं ती स्थापिली. आडनांव मराठी कानांना परकें नाहीं. त्यांचे चिरंजीव नीलकंठराव यांच्या अमदानींत, 2004 सालीं, कंपनीनें आपली सिंगल माल्ट प्रथम विक्रीस मांडली ती बंगळुरांत नव्हे, तर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरांत. पैलवानाच्या गांवीं जाऊन त्याच्याच आखाड्यांत उतरावें, तसा हा प्रकार झाला. पुढें इंग्रज समीक्षक जिम मरे यांनीं आपल्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकाच्या 2010 च्या आवृत्तींत 'अमृत फ्यूजन' हिला शंभरापैकीं 97 गुण देऊन जगांत तिसरें स्थान दिलें. निबंधाला शंभरापैकीं सत्त्याण्णव गुण देणारा परीक्षक शाळांतून विरळाच आढळतो, आणि जिभेच्या परीक्षेंत 97 व 96 यांतील अंतर कोणत्या मापानें मोजावयाचें हा प्रश्नहि रास्त आहे. परंतु त्या एका गुणपत्रिकेनें भारतीय माल्टकडे पाहण्याची दृष्टि पालटली, हें खरें.

आतां वर्षांचा हिशेब. स्कॉटलंडमध्यें पिंपांतील मद्यापैकीं दरवर्षीं सुमारें 2 टक्के उडून जातें. त्याला तेथें 'देवदूतांचा वाटा' असें गमतीचें नांव आहे. बंगळुरांत हेंच प्रमाण 10 ते 12 टक्क्यांवर जातें. चक्रवाढ व्याजाचें गणित येथें उलटें मांडावयाचें. 200 लिटरांचें पिंप धरलें, तर दरसाल 2 टक्के घटीनें 12 वर्षांनीं त्यांत सुमारें 157 लिटर उरतील. दरसाल 10 टक्के घट धरली, तर 5 वर्षांतच 118 लिटर, आणि 12 वर्षांनीं जेमतेम 56 लिटर. 2013 सालीं अमृतनें 8 वर्षें मुरलेली व्हिस्की काढली, तिचें नांवच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असें ठेवलें. बिलोलीच्या उन्हांत असें पिंप ठेवलें तर देवदूतांची पंगत केवढी बसेल, याची कल्पनाच केलेली बरी.

घट हा हिशेबाचा एक भाग झाला. उष्णतेनें मद्य प्रसरण पावून लांकडाच्या छिद्रांत शिरतें, गारव्यानें आकसून बाहेर येतें, आणि येतांना व्हॅनिलासारखा गोडवा व टॅनिनचा तुरटपणा बरोबर आणतें. जेथें ऊन कडक, तेथें लांकडाचें देणें लवकर पदरांत पडतें. पण चहा झांकून ठेवला तर त्याला रंग व स्वाद येतो, आणि तासभर उकळत ठेवला तर कडवट काढा होतो, लांकडाचेंहि तसेंच. म्हणून उष्ण प्रदेशांत पिंप वेळेवर उतरविणें हीच मोठी कला. भारतांतील 5 वर्षांची व्हिस्की स्कॉटलंडमधील 15 वर्षांच्या बरोबरीची, असें विक्रेते सर्रास सांगतात, तें मात्र अर्धसत्य आहे. लांकडाचें काम उन्हानें लवकर होतें. हवेच्या संसर्गानें होणारे सावकाश फेरफार तितक्या घाईनें होत नाहींत. उन्हांतला साखरांबा आणि चुलीवरचा मुरांबा दोन्ही कैरीचेच, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाहीं. 

मग तुलना कशी करावी? विज्ञानाच्या प्रयोगाचा नियम येथेंहि लागू पडतो: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. याला गोव्यांतील कुंकळ्ळी हें सोयीचें उदाहरण आहे. 1583 च्या उठावामुळें इतिहासांत नोंदलेल्या या गांवीं जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे, व तेथील 'पॉल जॉन' सिंगल माल्ट 2012 पासून बाजारांत आहे. तिच्या 'ब्रिलियन्स', 'एडिटेड' व 'बोल्ड' या तीन प्रकारांत गांव एक, हवा एक, तीव्रताहि एकच, 46 टक्के. मुख्य फरक धुराचा. स्कॉटलंडांत दलदलीच्या जागीं शतकानुशतकें दबलेली वनस्पतींची माती असते, तिला पीट म्हणतात. ती वाळवून सरपणासारखी जाळतात. ओले सातू तिच्या धुरावर वाळविले, म्हणजे तो वास धान्यांत बसतो व भपक्यांतून गेल्यावरहि टिकतो. 'ब्रिलियन्स'मध्यें हा धूर नाहीं, 'एडिटेड'मध्यें थोडा, 'बोल्ड'मध्यें भरपूर. तीन पेले शेजारीं ठेवून याच क्रमानें चाखल्यास धुराचें काम काय, हें पुस्तकावांचून कळतें. त्यानंतर स्कॉटलंडकडे वळावें: स्पेसाइड भागांतील 'ग्लेनलिव्हेट'सारखी फळांच्या वासाची, सौम्य व्हिस्की एका बाजूस, आणि आयला बेटावरील 'लाफ्रोइग' किंवा 'आर्डबेग' दुसऱ्या बाजूस. आयलाच्या धुरांत टिंक्चर आयोडीनची आठवण करून देणारा एक दर्प असतो. कित्येकांना तो पहिल्या घोटास असह्य होतो. 'अमृत फ्यूजन' या दोहोंच्या मध्यें बसते, कारण तींत भारतीय सातूंची धूरविरहित माल्ट आणि स्कॉटलंडहून आणलेल्या धुरी दिलेल्या सातूंची माल्ट यांचा संगम केलेला आहे.

पेला तोंडाशीं निमुळता असावा, म्हणजे वास वर गोळा होतो. 15–20 मिलिलिटर पुरे. रंगावर भिस्त ठेवूं नये, कारण स्कॉचमध्यें साध्या कॅरमेलचा रंग घालण्यास नियमानें मुभा आहे. खोलींत उदबत्ती नको, तोंडांत विडा नको. जेवणांत ठेचा झाला असेल तर त्या दिवशीं बेत रहितच करावा. नाक पेल्यांत न खुपसतां, तोंड किंचित् उघडें ठेवून वास घ्यावा. घोट जिभेवर फिरवूं द्यावा, मग थेंब थेंब पाणी घालून पुन्हां पाहावें. हें पाणी केवळ सौम्यतेसाठीं नव्हे. 2017 सालीं स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनीं संगणकावर मांडून दाखविलें, कीं धुराचा वास देणारें ग्वायाकोल हें द्रव्य पाणी मिसळल्यावर मद्याच्या पृष्ठभागाकडे अधिक येतें, म्हणजेच नाकाच्या जवळ येतें. बर्फानें मात्र वास दबतो. एका बैठकींत चारांहून अधिक पेले घेऊं नयेत, आणि घोट थुंकून टाकण्यांत संकोच मानूं नये. व्यवसायानें चाखणारे तेंच करतात. नांवें झांकून, दुसऱ्याकडून पेले भरवून घेतले तर फार उत्तम. किंमत दिसली कीं जीभ तिच्याच बाजूनें साक्ष देते.

प्रत्येक पेल्याची टीप बोलण्यापूर्वीं लिहावी, आणि ती आपल्या शब्दांत लिहावी. इंग्रजी पुस्तकांत हेदरच्या फुलांचा व नाताळच्या पुडिंगचा उल्लेख पदोपदीं येतो. ज्यानें तीं कधीं हुंगलीं नाहींत त्यानें ते शब्द उसने घेऊन काय साधणार? मराठवाड्यांतील माणसापाशीं स्वतःचा वासांचा कोश पुष्कळ मोठा आहे. शेरीच्या पिंपांत मुरलेल्या व्हिस्कींत मनुका व खजूर, बर्बनच्या पिंपांतील व्हिस्कींत सुकें खोबरें व दुधाची खरवडलेली साय, उष्ण प्रदेशाच्या माल्टमध्यें गुळाच्या पाकाची किंवा पिकल्या केळ्याची छटा सांपडूं शकते. आणि पीटच्या धुराला जवळचा शब्द हवा असेल, तर थंडींत शेतावर गोवऱ्यांच्या आगटींत ज्वारीचीं कणसें भाजून हुरडा काढतात, तेव्हां बोटांना व धोतराला जो वास दिवसभर राहतो तो आठवावा.

महाराष्ट्रांत 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीं मद्यपानास परवाना लागतो, व व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठीं वयाची मर्यादा 25 वर्षांची आहे. घरीं बैठक ठरविणाऱ्यानें इतकें आधीं पाहून घ्यावें.

चाखून झाल्यावर पेले लगेच धुण्याची घाई करूं नये. रात्रभर ते तसेच राहूं द्यावे व सकाळीं, मद्यार्क पार उडून गेल्यावर, एकेक हुंगून पाहावा. ज्यांत केवळ लांकूड बोलत होतें, त्यांत ओल्या फळीचा व मधाचा वास उरतो; धूर असलेल्या पेल्यांत विझलेल्या चुलीचा. ज्यांत कांहींच उरत नाहीं, त्या पेल्यावरची चिठ्ठी त्यानंतर उलटून पाहावी.