गोरिलाकडून आलेला पाहुणा

आफ्रिकेच्या जंगलात डासांची काय कमी! तिथले चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून, पानं अंथरून बिछाना करतात आणि उघड्यावरच झोपतात. ना मच्छरदाणी, ना डासांची अगरबत्ती. मग त्यांना मलेरिया होत नसेल?

होतो की! पण आपला नाही, त्यांचा त्यांचा.

माणसाचा सगळ्यात वाईट मलेरिया ज्या जंतूमुळे होतो, त्याचं नाव प्लास्मोडियम फाल्सिपारम. शंभरेक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना चिंपांझीच्या रक्तातही एक जंतू दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली तो थेट फाल्सिपारमसारखाच! १९२२ साली सिएरा लिओनमध्ये ब्लॅकलॉक आणि ॲडलर या दोघांनी तर कमालच केली. असं रक्त त्यांनी चक्क माणसाला टोचून पाहिलं. (आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.) माणसाला मलेरिया झालाच नाही. पुढे उलटाही प्रयोग झाला. माणसाचा जंतू चिंपांझीच्या अंगात घातला, तर तो तिथे फारसा वाढेना आणि चिंपांझी काही आजारी पडेना.

आता आली का पंचाईत? चिंपांझी म्हणजे आपला अगदी जवळचा नातेवाईक. मग एकाचा जंतू दुसऱ्याला का चालत नाही?

मलेरियाचा जंतू तांबड्या रक्तपेशीत घुसतो, आतलं खाऊन वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पण घुसण्याआधी त्याला पेशीला घट्ट चिकटावं लागतं. संक्रांतीचा काटेरी हलवा आठवा. तिळावर कसे साखरेचे बारीक बारीक काटे येतात! रक्तपेशीवरही अशाच साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला असतं सायलिक आम्ल. चिंपांझी आणि गोरिला यांच्याकडे ते दोन प्रकारचं असतं. आपल्याकडे त्यातला एकच प्रकार उरलाय. दोन्हींमध्ये फरक किती? ऑक्सिजनचा एक अणू! वीस-तीस लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांमधलं एक जनुक बिघडलं आणि दुसरा प्रकार बनवणं आपल्या शरीराला जमेनासं झालं.

हा फरक अजित वारकी यांच्या गटाला सापडला. ते वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे अमेरिकेत संशोधन करू लागले. २००५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की चिंपांझीच्या जंतूला चिकटायला तो ऑक्सिजनवाला प्रकार आवडतो, तर आपल्या जंतूला बिनऑक्सिजनचा. म्हणजे ते जनुक बिघडलं तेव्हा जुन्या मलेरियापासून आपली बहुधा सुटका झाली असावी.

सुटका झाली, तर मग फाल्सिपारम आला कुठून?

याचं उत्तर सापडलं शेणात! म्हणजे गोरिला आणि चिंपांझींच्या विष्ठेत. जंगली गोरिलाला "जरा हात पुढे कर, रक्त घ्यायचंय" असं कोण सांगणार? पण जंतूच्या डीएनएचे तुकडे विष्ठेतही सापडतात. संशोधकांनी आफ्रिकेच्या जंगलांतून असे जवळजवळ ३००० नमुने गोळा केले. २०१० साली निकाल जाहीर झाला : माणसाच्या फाल्सिपारमचा सगळ्यात जवळचा भाऊबंद चिंपांझीत नाही, गोरिलात आहे! सगळ्यांचा संशय इतकी वर्षं बिचाऱ्या चिंपांझीवर.

(विष्ठेने आणखी एक गोष्ट सांगितली. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात चिंपांझीच्या पिल्लांमध्ये हे जंतू जास्त आढळतात, मोठ्यांमध्ये कमी. लहानपणी जंतूंशी झुंजून शरीर तयार होत असणार. मलेरियाच्या गावात वाढणाऱ्या माणसांच्या मुलांचंही असंच होतं.)

पण गोरिलाचा जंतू आपल्यात शिरला कसा? साखरेची गोष्ट इथे पुरत नाही. जंतूकडे आरएच-५ नावाचं एक प्रथिन असतं. रक्तपेशीवरच्या बॅसिजिन नावाच्या प्रथिनाला ते पकडतं, तेव्हाच जंतूला आत जाता येतं. सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी गोरिलाच्या जंतूत दुसऱ्या एका जंतूच्या डीएनएचा तुकडा येऊन बसला. त्या तुकड्यात आरएच-५ चं जनुक होतं. २०१९ साली शास्त्रज्ञांनी ते प्राचीन प्रथिन प्रयोगशाळेत पुन्हा बनवलं. पाहतात तर काय, ते माणसाच्या बॅसिजिनला चिकटतं आणि गोरिलाच्याही! दोन्ही घरी त्याची ये-जा.

पुढे त्यात थोडे बदल होत गेले. त्यातल्या एकाच बदलाने गोरिलाला चिकटणं पार बंद झालं. पाहुणा आपल्याकडेच अडकला म्हणायचा! पण बॅसिजिनला धरल्याशिवाय त्याला आपल्याही पेशीत शिरता येत नाही. म्हणूनच ऑक्सफर्डचे संशोधक आरएच-५ लाच अडवणारी लस तयार करताहेत आणि आफ्रिकेतल्या मुलांवर तिच्या चाचण्याही झाल्या आहेत.