तेरची जुनी गाडीवाट

धाराशिवाहून तेरला जाणे मोटारीमुळे आता सोपे झाले आहे. तथापि बालाघाटाच्या माथ्यावरून तेरणेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या जुन्या वाटा पायी चालल्याखेरीज या मुलखाचे मर्म ध्यानी येत नाही, असे आमचे मत आहे. सकाळी निघालेला मनुष्य दुपारपर्यंत गोरोबाकाकांच्या समाधीपाशी पोहोचतो.

तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण हे भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या, व तगर हे पैठणापासून पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. (वस्तुतः तेर पैठणच्या आग्नेयेस आहे, परक्या मनुष्यास एवढी चूक माफ असावी.) येथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोच बंदरी जाई. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई नगरीच्या अवशेषांत सापडली आहे. गाडीवाट कोठवर पोहोचते, हे यावरून समजावे.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली, मागाहून मोटारी आल्या. वाटेवरील वर्दळ सरली की शेजारचा नांगर तिच्यात शिरतो. जपानातील त्सुमागो गावच्या लोकांनी १९७१ साली जुनी घरे विकावयाची नाहीत, भाड्याने द्यावयाची नाहीत व पाडावयाची नाहीत असे ठरविले. तेथून मागोमेपर्यंतची सुमारे ८ किलोमीटरांची जुनी वाट आजही लोक हौसेने चालतात. आपल्याकडे निदान गावचा नकाशा तरी पाहावा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने व पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत गमावून हळहळणारे खातेदार आम्ही पुष्कळ पाहिले.

आमचीही कथा निराळी नाही. कचेरीत आम्ही इतरांच्या वाटांचे तंटे नोंदवीत असता, आमच्याच रानाकडेची वाट दरसाल एकेक तासाने नांगराखाली जात होती. सेवानिवृत्तीनंतर नकाशा काढून मोजणी केली, तो तेथून बैलगाडीही जाईना. मुलांची नाराजी पत्करून गेल्या उन्हाळ्यात बांध मागे घेतला. दिवाळीपूर्वी शेजाऱ्यांची सोयाबीनची गाडी त्याच वाटेने घरी गेली.