नमुना ‘दूषित’ निघेपर्यंत पाणी पिऊन झालेले असते

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी येते. जिल्ह्यात इतक्या गावांतील पाण्याचे नमुने दूषित. आपण यादीत आपल्या गावाचे नाव शोधतो, ते नसले की पान उलटतो. या बातमीत एक गोष्ट मात्र लिहिलेली नसते. तो नमुना घेतला, प्रयोगशाळेत पोहोचला, तपासला आणि अहवाल आला, त्या सगळ्या दिवसांत गाव तेच पाणी पीत होते.

पाण्यात विष्ठेतील जिवाणू आहेत का हे पाहण्यासाठी ते जिवाणू प्रयोगशाळेत वाढू द्यावे लागतात. त्याला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे तपासणी कितीही चांगली असली, तरी ती सांगते ती कालची किंवा परवाची गोष्ट. तपासणी हवीच, पण केवळ तिच्यावर विसंबून पाणी सुरक्षित राहत नाही. जगातल्या अनेक देशांनी पिण्याच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे नियम गेल्या पंचवीस वर्षांत बदलले. त्यामागे दोन प्रश्न होते. धोका नळापर्यंत पोहोचण्याआधी कसा ओळखायचा? आणि तो ओळखणाऱ्या माणसाला तो लपवावासा का वाटतो?

वॉकर्टनचे दहा दिवस

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात वॉकर्टन हे सुमारे ४,८०० वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तिथे सलग काही दिवस जोरदार पाऊस झाला. गावाला पाणी देणारी पाच क्रमांकाची विहीर उथळ होती आणि जवळच्या शेतात शेणखत टाकलेले होते. शेतकऱ्याने खत नियमानुसारच टाकले होते, त्याचा काही दोष नव्हता असे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. पावसाच्या पाण्याबरोबर शेणातील जिवाणू जमिनीत उतरले आणि १२ मेच्या सुमारास विहिरीत पोहोचले.

१५ मे रोजी पाण्याचे नमुने घेतले गेले. १७ मे रोजी खासगी प्रयोगशाळेने पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाला कळवले, की पाण्यात ई-कोलाय आहे. तोवर मुलांना रक्ती जुलाब सुरू होत होते. १९ मे रोजी आरोग्य कार्यालयाने फोन करून विचारले, पाणी ठीक आहे ना? व्यवस्थापकाने सांगितले, ठीक आहे. अखेर २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात ‘पाणी उकळून प्या’ असा इशारा दिला. या साथीत ७ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे २,३०० लोक आजारी पडले. काही मुलांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाली.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी केलेली चौकशी आजही जगभरातल्या पाणीपुरवठा अभियंत्यांना अभ्यासाला दिली जाते. तिच्यातून पुढे आलेले चित्र एखाद्या खलनायकाचे नाही. कर्मचारी वर्षानुवर्षे क्लोरीन कमी टाकत होते, कारण लोक वासाची तक्रार करत आणि विहिरीचे पाणी मुळातच स्वच्छ आहे अशी त्यांची स्वतःचीही समजूत होती. ते स्वतः तेच पाणी पीत. क्लोरीन रोज मोजायचा नियम होता, पण न मोजताच वहीत आकडे भरले जात. कित्येक दिवस तोच आकडा. पुढे दोघांना न्यायालयात शिक्षा झाली.

एका मिनिटात कळले असते

इथे क्लोरीनचे काम समजून घ्यायला हवे. पाण्यात टाकलेले क्लोरीन आधी घाणीवर खर्च होते. घाण संपल्यावर जे उरते त्याला आपल्याकडे ‘उर्वरित क्लोरीन’ किंवा ‘रेसिड्युअल’ म्हणतात. हे उरलेले क्लोरीन नळापर्यंतच्या वाटेवर पाण्याचे रक्षण करते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे.

म्हणजे उर्वरित क्लोरीन हा एक पहारेकरी आहे. विहिरीत अचानक घाण आली, की ते झपाट्याने खर्च होते आणि आकडा शून्याकडे जातो. तो मोजायला एक मिनिट पुरते. वॉकर्टनच्या त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर ही साथ टळली असती, असा निष्कर्ष ओकॉनर यांनी काढला. जिवाणूंचा अहवाल यायला दोन दिवस लागले. क्लोरीनचा आकडा त्याच दिवशी बोलला असता, पण तो मोजलाच गेला नाही.

दुसरा निष्कर्ष माणसांबद्दल होता. प्रयोगशाळेने अहवाल फक्त तिच्या ग्राहकाला, म्हणजे पाणीपुरवठा करणाऱ्यालाच दिला. सरकारी प्रयोगशाळांतून पाण्याची तपासणी १९९६ मध्ये खासगी हातात गेली, तेव्हा आरोग्य अधिकाऱ्याला थेट कळवण्याचे कायदेशीर बंधन कोणी घातलेच नव्हते. आणि व्यवस्थापकाच्या बाजूने पाहिले तर खरे सांगण्यात सगळा तोटा होता. चूक उघड झाली असती, नोकरी गेली असती. लपवले तर कदाचित निभावून जाईल, अशी आशा होती. नियमांची रचनाच अशी होती, की खरे सांगणे महाग आणि लपवणे स्वस्त.

ऑन्टारियोने नेमके हेच गणित उलटे केले. २००२ च्या सुरक्षित पेयजल कायद्याने प्रयोगशाळेला परवाना सक्तीचा झाला आणि दूषित नमुन्याची खबर आरोग्य अधिकारी व पर्यावरण खाते या दोघांना ताबडतोब देणे बंधनकारक झाले. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आवश्यक झाले. नगरपालिकेला परवाना हवा असेल तर जलवाहिन्या व यंत्रे राखण्यासाठी पैसा कुठून येणार, याचा आराखडा द्यावा लागू लागला. २०१३ पासून तर पाण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास निवडून आलेले नगरसेवकही व्यक्तिशः जबाबदार ठरू शकतात. २००६ मध्ये आणखी एक कायदा करून विहिरी व तलावांभोवतीच्या जमिनीवर काय चालते, याचीही पाहणी सुरू झाली.

धोक्यांची यादी

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये याच विचाराला ‘जल सुरक्षा आराखडा’ असे रूप दिले. कल्पना साधी आहे. उगमापासून ग्लासापर्यंत पाणी ज्या वाटेने येते ती वाट पायी चालून पाहायची. विहीर, पंप, टाकी, व्हॉल्व्ह, जलवाहिनी, घरातली टाकी. प्रत्येक ठिकाणी विचारायचे, इथे काय बिघडू शकते, ते किती संभवते आणि घडले तर किती लोकांना भोवेल? मग सर्वांत मोठ्या धोक्यावर आधी पैसा आणि लक्ष घालायचे.

आइसलँडने त्याआधीच, १९९५ मध्ये, पिण्याचे पाणी कायद्याने ‘अन्न’ ठरवले आणि पुरवठादारांवर अशी धोक्याची पाहणी बंधनकारक केली. पुढे झालेल्या अभ्यासात, जिथे असा आराखडा राबवला गेला तिथे जुलाबाच्या आजारांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटलेले आढळले.

बक्षीस चुकीच्या गोष्टीला लागले तर

सांडपाण्याच्या बाबतीत प्रोत्साहन आणि दंडाचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तिथे १९८९ मध्ये पाणी व मैलापाणी सेवा खासगी कंपन्यांकडे गेल्या आणि ‘ऑफवॉट’ ही नियामक संस्था त्यांचे दर ठरवू लागली. ठरलेल्या कामगिरीपेक्षा चांगले काम केले तर कंपनीला जास्त महसूल, मागे पडली तर कपात, अशी पद्धत हळूहळू उभी राहिली. कागदावर ती उत्तम होती. एक मेख मात्र राहिली. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने कंपन्या स्वतःच घेत.

सदर्न वॉटर या कंपनीच्या चौकशीत दिसले, की काही केंद्रांवर नमुना घेण्याच्या वेळी केंद्रातून पाणी बाहेर पडणारच नाही अशी व्यवस्था केली जात होती. कधी मैलापाणी टँकरने दुसरीकडे हलवले जाई. प्रवाहच नाही, म्हणून नमुना नाही, म्हणून दोषही नाही. २०१९ मध्ये ऑफवॉटने कंपनीला १२ कोटी ६० लाख पौंड मोजायला लावले. त्यातील बहुतेक रक्कम बिलांतून ग्राहकांना परत गेली. समुद्रात मैलापाणी सोडल्याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाने वेगळा ९ कोटी पौंडांचा दंड केला.

यातून निघालेला धडा सरळ आहे. आकड्यावर बक्षीस ठेवायचे, तर आकडा मोजणारा हात वेगळा हवा. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पावसाळी मैलापाण्याच्या सुमारे १४ हजार निकासांवर यंत्रे बसली आणि पुढे घाण सोडली गेल्याची माहिती जवळपास लगेच जाहीर करण्याचे बंधन आले. किनाऱ्यावर पोहायला जाणारा माणूस आता आधी मोबाइल पाहतो. तरीही लोकांचा राग शमला नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने ऑफवॉट बरखास्त करून नवी संस्था आणण्याचे जाहीर केले.

आपल्या दारात

वॉकर्टनच्या रुग्णांत ई-कोलायबरोबर आणखी एक जिवाणू सापडला होता, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय. हे अवघड नाव पुणेकरांनी जानेवारी २०२५ मध्ये ऐकले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले आणि काही आठवड्यांत एकूण संख्या २०० च्या वर गेली. या आजारात आधीच्या संसर्गाशी लढणारी प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायांतले बळ जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जिवाणू मिळाला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली.

आपल्याकडे धोका आणखी एका कारणाने वाढतो. पाणी दिवसातून तास-दोन तास येते. उरलेल्या वेळात जलवाहिनी रिकामी असते. तिला बारीक भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर आतला दाब गेल्यावर बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कुणी थेट नळाला मोटर लावली, की हे ओढणे आणखी वाढते. म्हणूनच पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत जोखमीची. सांडपाण्याची नीट सोय न करता पिण्याचे पाणी सुरक्षित ठेवता येत नाही, ते यामुळेच.

आणि तरीही आपली पाटी कोरी नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता पाहणी होते. विहिरीभोवतीचा कठडा फुटला आहे का, जवळ उकिरडा आहे का, व्हॉल्व्ह गळतो का, टीसीएल पावडरचा साठा आहे का, ती नीट ठेवली आहे का, असे प्रश्न विचारून जोखमीचे गुण दिले जातात. जोखीम जास्त असेल तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. जागतिक आरोग्य संघटना जे सांगते त्याचा गाभाच या कार्डात आहे. धोका आधी ओळखा, आणि सातत्य राखणाऱ्याला मान द्या.

कमी पडते ते दोन ठिकाणी. पहिले, आयएस १०५०० हे मानक आहे, पण नळाने पाणी देणाऱ्या महापालिकेला ते पाळायला लावणारा कायदा नाही. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरवते, नळाच्या पाण्याचा दर्जा पाहणे हे त्याचे काम नव्हे. ज्या संस्थेने पाणी द्यायचे, बहुधा तिनेच ते ‘योग्य’ असल्याचेही सांगायचे, अशी आपली रीत आहे. दुसरे, लाल कार्ड हा गावाचा अपमान समजला जातो. मग ते टाळण्यासाठी पाहणीच्या आदल्या दिवशी विहीर झाडली जाते आणि वहीत क्लोरीनचे आकडे एका बैठकीत भरले जाण्याचा मोह होतो. वॉकर्टनची वही आठवावी.

लाल कार्ड मिळालेल्या गावाला दुरुस्तीचा निधी आधी मिळाला, आणि गळती स्वतःहून कळवणाऱ्या जलसुरक्षकाला नोटिशीऐवजी मदत मिळाली, तर ते कार्ड लपवण्याची गरज उरणार नाही. जाणूनबुजून खोटा आकडा लिहिणाऱ्यावर मात्र कारवाई हवीच.

आपण काय विचारावे

पुढच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत चार प्रश्न विचारता येतील. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि का? शेवटच्या नळाला उर्वरित क्लोरीन आज किती होते, आणि ते कोणी मोजले? नमुना दूषित निघाला तर आपल्याला किती तासांत आणि कसे कळेल? गटार आणि जलवाहिनी कुठे कुठे शेजारून जातात, याचा नकाशा आहे का?

क्लोरोस्कोप स्वस्त असतो आणि वापरायला सोपा. एखाद्या शाळेतील मुलांनी रोज सकाळी नळाच्या पाण्याचा रंग पाहून फळ्यावर आकडा लिहिला, तरी गावाला स्वतःचा पहारेकरी मिळेल. आकडा शून्य आला तर त्या दिवशी पाणी खळखळून उकळावे, किमान एक मिनिट, आणि ग्रामपंचायतीला फोन करावा. फोन उचलणारा ‘सांगितलेत ते बरे झाले’ म्हणाला, तर समजावे की आपल्या गावाचे पाणी योग्य हातात आहे.